आपटेकर मॅडमचं सेक्शन

मार्च संपत आला की आमच्या बॉटनीच्या लॅबमध्ये दुपारी मी एकटीच उरते. समोर कॉम्प्युटर, शेजारी गार झालेला चहा आणि पडद्यावर मुलांच्या नावांची न संपणारी यादी. एकेका नावापुढे मार्क भरायचे. जर्नल, स्पॉटिंग, तोंडी, आणि शेवटच्या रकान्यात सेक्शन, पाचपैकी. परवा भरता भरता लक्षात आलं, की त्या शेवटच्या रकान्यात मी वरपासून खालपर्यंत पाच, पाच, पाच असेच आकडे टाकत चालले आहे. बोटं आपोआप चालली होती. निवडणुकीच्या ड्युटीचं पत्र पर्समध्ये होतं, सासूबाईंचं औषध आणायचं होतं, आणि कोणत्या पोराने काय कापलंय हे आठवायची ताकद खरोखरच उरली नव्हती. तेव्हा आपटेकर मॅडम आठवल्या. आठवल्या म्हणजे चक्क भीती वाटली. रिकाम्या लॅबमध्ये मी मागे वळून पाहिलं.

मग सगळे आकडे पुसले आणि घरी निघून गेले.

आपटेकर मॅडम आमच्या कॉलेजात बॉटनी शिकवायच्या. पनवेलमध्ये आज चाळिशीपुढचा कोणी डॉक्टर, औषधवाला किंवा नर्सरीवाला भेटला तर तो बहुधा त्यांच्या हाताखालून गेलेला असतो आणि त्याच्या डाव्या अंगठ्यावर ब्लेडची एखादी जुनी रेघ असते. उंचीने बेताच्या, अंगाने काटक, सुती साडीवर पांढरा एप्रन, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. चढवायची गरजच पडत नसे.

आडनावामुळे लोकांचा घोटाळा व्हायचा. ऑफिसात नवीन रुजू झालेली कोणीतरी संक्रांतीला त्यांना हळदीकुंकवाला बोलवायची. मिस्टर होते तोवर मॅडम जायच्या, वाण घ्यायच्या, आणि निघताना चपला घालत सांगायच्या, "मी ज्यू आहे हो. पण तिळगूळ छान झालाय." त्यांचं मूळ गाव आपटा. आजोबांचा तिथे तेलाचा घाणा होता, शनिवारी बंद राहायचा. मॅडम स्वतः जुन्या पनवेलात सिनेगॉगजवळच्या गल्लीत राहायच्या. शुक्रवारी चार वाजता एप्रन काढून ठेवायच्या, की मग प्राचार्य आले तरी थांबत नसत. एकदा मी विचारलं, सिनेगॉगमध्ये गर्दी असते का हो? म्हणाल्या, "प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. आमच्यात आता सहा-सात जमतात, ते एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करून घरी जातात." बाकीचे इस्रायलला गेले होते. मॅडमची मुलगी एस्तेरही लग्नानंतर तिकडेच, अश्दोदला. मिस्टर गेल्यावर ती दर रविवारी फोनवर एकच विषय काढायची, की आई, आता इकडे ये. मॅडम एकच उत्तर द्यायच्या, "प्रॅक्टिकल्स संपू देत." आणि प्रॅक्टिकल्स कुठल्याही कॉलेजात कधीच संपत नाहीत.

शिकवायच्या त्या सगळंच, पण जीव खोडावर. इतर मास्तर फुलांवर रमतात. फुलांना रंग असतो, नावं छान असतात, मुलींना आवडतात. मॅडम पहिल्या तासाला एक रोप मुळासकट उपटून आणायच्या, टेबलावर आडवं ठेवायच्या आणि म्हणायच्या, "मूळ पितं, पान रांधतं, फूल मिरवतं. मधल्याला कोणी विचारत नाही. आपण वर्षभर त्यालाच विचारणार आहोत." मग विचारायच्या, "याचं काम काय?" मुलं म्हणायची, उभं राहणं. "आणखी?" पाणी वर नेणं. "आणि?" पानात तयार झालेलं अन्न खाली आणणं. "म्हणजे सगळ्यांचं ओझं वाहायचं आणि शिवाय पडायचं नाही," असं म्हणून त्या हात झटकायच्या. मी मागच्या बाकावर हजेरी घेत बसलेली असायचे. नवीन लागले होते, घरी दोन लहान मुलं होती. मला ते वाक्य दरवर्षी जरा जास्तच पटायचं.

खोड म्हणजे जमिनीवरचं, सरळ, हिरवं किंवा तपकिरी, अशी मुलांची समजूत असते. ती मोडायला मॅडमना बाजार लागायचा. परीक्षेत मुलांना ओळखायला मांडायच्या वस्तूंसाठी, म्हणजे स्पॉटसाठी, आदल्या दिवशी त्या मला घेऊन भाजीबाजारात जायच्या. तिथे कोन गावाहून येणारी जनाबाय नावाची भाजीवाली त्यांची ठरलेली होती. साऱ्या बाजाराला जे नको असतं तेच मॅडमना हवं असायचं. कोंब फुटलेले बटाटे, बोटाएवढे हिरवे अंकुर आलेलं आलं, डोळा फुगलेला सुरण, मुळं सुटलेला पुदिना.

"बाय, तुमचं कोंबवालं बटाटं बाजूला ठेवलंय," जनाबाय पोत्यामागून पिशवी काढायची. "लोकं फेकून देतात नि तुमी इकत घेता. ह्ये रांदता का शिकिवता ओ?"

"आधी शिकवते, मग रांधते."

"नि सुरान? ह्यो बगा, डोला केवडा हाय! आमच्याकरं असा सुरान लावाया ठेवतात, खाया नाय."

"त्याच डोळ्यासाठी तर घेते, जना. मुलांना वाटतं सुरण म्हणजे मूळ."

जनाबाय खो खो हसायची. "कालेजात जातात नि ह्ये ठाव नाय? कापून डोल्याचा तुकडा लावला का उगवतं. मूल कुटं असं उगवतं?"

मॅडम माझ्याकडे बघायच्या. "ऐकलंस? हिला पाचपैकी पाच." आयुष्यात त्यांनी पूर्ण मार्क दिलेले मी ऐकले ते बाजारात, एका भाजीवालीला.

परीक्षा झाली की दुसऱ्या दिवशी तोच सुरण चिंच आणि नारळाचं दूध घातलेल्या भाजीच्या रूपाने डब्यातून स्टाफरूममध्ये यायचा. "स्पॉट नंबर चार," म्हणून त्या डबा पुढे करायच्या. आम्ही खायचो. घसा थोडा खवखवायचा, पण मॅडमसमोर कोणी खाकरायचं नाही.

क्लासवाल्या सरांचा किस्सा मात्र सांगायलाच हवा. अकरावी-बारावीची मुलं आता कॉलेजात फक्त प्रॅक्टिकलपुरती उगवतात, बाकी वेळ क्लासात. एका वर्षी मॅडमनी अकरावीच्या स्पॉटिंगला बटाट्याशेजारी रताळं ठेवलं. चौतीस मुलांनी रताळ्याखाली लिहिलं, जमिनीखालचं खोड. सगळ्यांना शून्य. कारण शोधलं तर क्लासच्या छापील नोट्समध्येच रताळं बटाट्याच्या पंगतीला बसवलेलं. दुसऱ्या दिवशी क्लासचे सर स्वतः आले. मोठी गाडी, हातात दोन फोन.

"मॅडम, एका मार्कासाठी कशाला इश्यू करताय? पेरेंट्स माझ्याकडे येतात. दोन्ही जमिनीखाली, दोन्हीत स्टार्च, दिसायला सेम."

"बसा ना," मॅडम म्हणाल्या आणि एक बटाटा त्यांच्या हातात दिला. "याचा डोळा दाखवा."

सरांनी दाखवला.

"डोळा म्हणजे कळी. कळी जिथे असते तिथे पेर असतं. उसावर दिसतं तसं. पेर असेल तर ते खोड, मग ते आकाशात असो की मातीत." मग रताळं दिलं. "आता यावर दाखवा."

सर रताळं फिरवत राहिले. फोन वाजला, त्यांनी घेतला नाही. दोन-तीन वेळा उजेडात धरलं. शेवटी एका खळग्यावर बोट ठेवून म्हणाले, "हा?"

मॅडमनी चष्मा वर करून पाहिलं. "ही कुदळ लागलीये."

सर उठले तेव्हा मॅडमनी ते रताळं त्यांना घरी न्यायला दिलं. पुढच्या वर्षीच्या नोट्समध्ये रताळं मुळांच्या यादीत गेलेलं मी पाहिलं. आभार वगैरे अर्थातच नव्हते.

पण मॅडमची खरी ओळख म्हणजे त्यांचं सेक्शन. सेक्शन म्हणजे खोडाचा आडवा काप, कागदाहून पातळ, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्याजोगा. यंत्रावर तो कोणालाही कापता येतो. मॅडम हाताने कापायच्या. सूर्यफुलाचं कोवळं खोड डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत उभं धरायचं, अर्धं तोडलेलं ब्लेड पाण्यात बुडवून उजव्या हातात आडवं, आणि स्वतःकडे एकच ओढ. "घासू नकोस, ओढ. लाकूड फोडायला बसलेली नाहीस." वीस-पंचवीस काप पाण्यात पडायचे, त्यातला एक ब्रशने उचलायचा. पातळ झालाय की नाही हे बघायची त्यांची रीत म्हणजे काचेची वाटी वर्तमानपत्रावर ठेवायची. कापाखालची अक्षरं वाचता आली तर पुढे जायचं, नाहीतर पुन्हा ब्लेड हातात. मग त्यावर लाल रंगाचा थेंब, दोन मिनिटं थांबायचं, धुवायचं, वर काच. मुलं नळीला डोळा लावायची. बाहेर केसाळ साल, आत गोल रांगेत बसलेले वाहिन्यांचे पुंजके, प्रत्येकात आतल्या अंगाला पाण्याच्या लालभडक नळ्या, बाहेरच्या अंगाला अन्नाच्या, आणि मधोमध पांढरा भुसभुशीत गाभा. मॅडम मागून सांगायच्या, "सूर्यफुलात पंगत नीट बसलेली असते. मक्याचं कापाल तर जो तो मिळेल तिथे बसलाय."

मी वनस्पतिशास्त्र शिकून, पदवी घेऊन, नोकरीला लागून आले होते आणि मला असं सेक्शन येत नव्हतं. कॉलेजात असताना कोणीतरी माझ्या वाटीत तयार काप टाकला होता आणि मी पास झाले होते. हे सगळीकडे चालतं. परीक्षेच्या दिवशी मुलाला जमेना, की शिक्षक हळूच आपला एक काप त्याच्या वाटीत सोडतात आणि परीक्षक दुसरीकडे बघतात. सगळे दमलेले असतात, सगळ्यांना साडेपाचला सुटायचं असतं. मॅडमच्या लॅबमध्ये हे चालत नसे. एका मुलीने रडून रडून वाटी भरली होती, तरी नाही. "जाड काप, पण तुझा काप. दोन मार्क मिळतील, ते तुझे असतील."

निवृत्त झाल्यावरही त्या येतच राहिल्या. तासिका तत्त्वावर, फक्त प्रॅक्टिकल्सना. दर जूनमध्ये प्राचार्य पत्र द्यायचे, कारण हाताने सेक्शन शिकवणारं दुसरं कोणी नव्हतं. हे मॅडमना माहीत होतं, मला माहीत होतं आणि अश्दोदला एस्तेरलाही माहीत होतं. तो हात होता म्हणून पत्र होतं, आणि पत्र होतं म्हणून मॅडम पनवेलात होत्या. नाहीतर दोन खोल्यांच्या त्या घरात त्यांना धरून ठेवणारं काही उरलेलं नव्हतं.

हात कधी बिघडला ते नेमकं सांगता येणार नाही. आधी त्या चहा बशीतून प्यायच्या त्या पेल्यातून पिऊ लागल्या, तोही अर्धा भरलेला. मग उजवा हात पदराखाली राहू लागला. थंडी वाजते म्हणायच्या, पनवेलच्या उकाड्यात. फळ्यावर चित्र काढायचं आलं की म्हणायच्या, "वैशाली, तू काढ, माझ्या खांद्याला उसण भरलीये." सेक्शन दाखवायच्या दिवशी वर्गाला सांगायच्या, "आज मी कापणार नाही. आज तुमच्यातला एक कापेल आणि आपण त्याच्या चुका बघू." मुलांना ते आवडायचं. मला पहिल्यांदा ते शिकवण्याचं नवं तंत्रच वाटलं. मग एके दिवशी स्टोअररूमचं दार अर्धवट उघडं होतं. मॅडम खिडकीपाशी पाठमोऱ्या बसल्या होत्या, डाव्या हातात खोड, उजव्यात ब्लेड, आणि ब्लेड खोडाला लागायच्या आधीच थरथरत होतं. समोरच्या वाटीत नुसते तुकडे. मी पाय न वाजवता परत फिरले. डॉक्टरांकडे जाऊन आलात का, एवढं विचारायची सुद्धा हिंमत झाली नाही. आम्ही दोघींनी दीड वर्ष हे एकमेकींपासून लपवलं.

त्यानंतरची बी.एस्सी.ची परीक्षा. बाहेरून परीक्षक आले ते मोकल, मॅडमचेच जुने विद्यार्थी, आता पेणकडे कुठे शिकवत होते. आल्या आल्या त्यांनी वाकून नमस्कार केला. पहिली बॅच झाली. दुसरी झाली. जेवणाआधी मोकल म्हणाले, "मॅडम, आज एक हट्ट आहे. तुमच्या हातचं एक सेक्शन बघायचंय. आमच्याकडच्या पोरांना मी सांगतो तर खरं वाटत नाही. फोटो काढून नेतो." प्राचार्य तेव्हा दारातच उभे होते. तेही म्हणाले, "अरे वा, मलाही बघू द्या."

मॅडम म्हणाल्या, "जेवून घेऊ आधी."

मी दोन घासांत डबा मिटला. मॅडम हात धुवायला गेल्या, त्यांना हल्ली वेळ लागायचा. तेवढ्यात मी स्टोअररूममध्ये शिरले, सूर्यफुलाचं खोड घेतलं आणि कापत सुटले. पंधरा-वीस वर्षं त्यांना बघत आले होते, थोडंफार जमू लागलं होतं. त्यातला बरा एक उचलला, रंगवला, स्लाइड केली आणि मॅडमच्या सूक्ष्मदर्शकाखाली नेऊन ठेवली. कोणी पाहिलं नाही. मनात एकच होतं, आजचा दिवस निभावून जाऊ दे, जूनचं पत्र येऊ दे.

मॅडम यायच्या आधीच मोकलांनी डोळा लावला. "वा! मॅडमचा अजून तोच हात!" प्राचार्यांनी पाहिलं. त्यांचा विषय कॉमर्स, त्यांना लाल-पांढरं काहीतरी दिसलं असेल, पण तेही खूश झाले. "मॅडम आहेत तोवर पुढच्या वर्षाची काळजी नाही." तिसऱ्या बॅचची मुलं दारात जमली होती. मॅडम टॉवेलला हात पुसत आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. त्या वाकल्या, डोळा लावला, स्क्रू किंचित फिरवला आणि सरळ झाल्या.

"हे माझं नाही," त्या म्हणाल्या.

मोकल हसले. त्यांना वाटलं विनय आहे.

"तिरकं कापलंय. डावीकडच्या पेशी लांबट दिसताहेत, बघा. गाभाही एका बाजूला फाटलाय. पाचपैकी तीन." मग त्यांनी उजवा हात पदराखालून काढला आणि टेबलावर ठेवला. टेबलाच्या सनमायक्यावर बोटांचा बारीक टकटक आवाज येत राहिला. "माझ्याच्याने आता सेक्शन होत नाही, मोकल. दोन वर्षं झाली. सर, तुम्हीही ऐकलंत ते बरं झालं." आणि दाराकडे वळून, "तिसरी बॅच, आत या. ब्लेड नवीन आहे ना सगळ्यांकडे?"

मला राग आला, अजूनही येतो. त्यांच्यासाठी मी जे केलं ते त्यांनी चारचौघांत माझ्या तोंडावर फेकलं असं वाटलं. संध्याकाळी उत्तरपत्रिकांना सील लावून झाल्यावर मी बोलून टाकलं, "मॅडम, मी तुमच्यासाठी केलं हो. कोणाला कळणार होतं?"

"माहीत आहे तुझं," त्या एप्रनची बटणं काढायचा प्रयत्न करत म्हणाल्या. "म्हणून तर तीन दिले. अडीचचं होतं."

मला हसू आलं आणि रडूही. पुढे होऊन मी त्यांची बटणं काढली. त्यांनी काढू दिली. "रागावले नाहीये मी. पण तिरकं सेक्शन माझ्या नावावर नको, वैशाली. आणि सरळ असतं तरी नको." मग स्टुलावर बसल्या. "दमले गं. हाताचं सोड, तो आजार आहे, त्याला गोळ्या आहेत. लपवून दमले."

प्राचार्य वाईट माणूस नव्हते. आठवड्याने ते स्वतः सांगायला आले, की मॅडम, तुम्ही कापू नका, नुसत्या येऊन बसा, मुलांना तुमचा आधार वाटतो. मॅडमनी त्यांना चहा दिला, अर्धा पेला, आणि म्हणाल्या, "बसायला माझ्या घरी खुर्ची आहे सर." त्या रविवारी एस्तेरचा फोन आला तेव्हा त्यांनी तिला सांगून टाकलं, अकरावीची प्रॅक्टिकल्स झाली की येते. या वेळी तारीखही सांगितली. एस्तेरचा विश्वास बसेना म्हणून तिने मला फोन केला. "आँटी, खरंच का?" मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात उगाचच ओटा पुसत राहिले.

मग सुरू झाला माझा छळ. त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी मॅडम सूर्यफुलाच्या खोडांची जुडी घेऊन लॅबमध्ये आल्या आणि म्हणाल्या, "बस." मी पन्नाशीला टेकलेली, सांधे धरलेले, तपासायचे गठ्ठे पडलेले. म्हटलं, मॅडम, या वयात? म्हणाल्या, "ब्लेडला वय विचारायचं नसतं. माझ्यानंतर पोरांसमोर कोण कापणार? फोटो दाखवशील?" रोज दुपारी दोन ते चार मी कापायचे आणि त्या शेजारी बसून कुरकुरायच्या. जाड. तिरकं. गाभा गळला. कोपर टेबलावरून उचल. श्वास कशाला धरलायस, पाण्यात बुडतेस का? माझी तीन बोटं चिरली. घरी नवऱ्याने विचारलं, भाजी चिरायला शिकतेस का नव्याने? सूर्यफूल झालं, मग तुळस, मग मका, मग दूर्वेचं ते जमिनीसरपट धावणारं नाजूक खोड. ते गाजराच्या खाचेत धरून कापावं लागतं. नाहीतर दबून जातं. कंटाळा यायचा, डोळे चुरचुरायचे. बाहेर पळस्प्याकडून आलेल्या ट्रकांचे हॉर्न आणि नव्या टॉवरच्या खोदकामाची धूळ. कधी कधी मॅडम बसल्या बसल्या पेंगायच्या आणि मी थांबले की लगेच म्हणायच्या, "का थांबलीस?"

अकरावीची शेवटची बॅच एप्रिलमध्ये होती. विसेक मुलं, क्लासच्या बसमधून उतरलेली, हातात पाण्याच्या बाटल्या, चेहरे आमच्याहून दमलेले. मॅडम स्टुलावर बसल्या आणि त्यांनी दोन्ही हात उघड्यावर, टेबलावर ठेवले. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, तुमचा हात का हलतोय?"

"आजार आहे एक. तो हलतो, मी हलत नाही. तू समोर बघ, या मॅडम काय करतात ते."

मी खोड हातात घेतलं. विसांच्या चाळीस डोळ्यांपेक्षा मला शेजारच्या दोनच डोळ्यांची भीती होती. ओढलं. पुन्हा ओढलं. काप पाण्यात पडत गेले. एक उचलला, वाटी वर्तमानपत्रावर ठेवली, खाली कुठल्याशा नव्या टॉवरची जाहिरात होती, ती वाचता आली. रंग, पाणी, काच. स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि बाजूला झाले.

मॅडम उठल्या, वाकल्या. डोळा लावला. स्क्रूपर्यंत हात नेला, पण फिरवला नाही.   केवढा वेळ गेला कोण जाणे. मग त्या सरळ झाल्या, मुलांकडे वळल्या आणि म्हणाल्या, "रांग करा. एकेकाने येऊन बघून घ्या. खोड असं दिसतं."

मला म्हणून एक शब्द नाही. मुलं ढकलाढकली करत उठली. कोणाला दिसत नव्हतं, कोणी चष्म्यासकट डोळा लावत होतं, कोणी स्लाइडच हलवली. मी प्रत्येकासाठी फोकस लावून देत होते, लाल काय, पांढरं काय, पाणी कुठून जातं ते सांगत होते. मध्येच मान वर केली तर स्टूल रिकामं होतं. एप्रन घडी करून टेबलावर ठेवलेला. खिडकीतून दिसल्या. मैदान ओलांडून फाटकाकडे चालल्या होत्या, सावकाश, पर्स डाव्या खांद्याला, उजवा हात मोकळा सोडलेला, आपला आपण हलतोय. मला धावत जायचं होतं. निदान हाक तरी मारायची होती. पण पहिल्या बाकावरची ती मुलगी नळीला डोळा लावून "मॅडम, मधलं हे काय आहे?" म्हणून विचारत होती आणि तिच्यामागे रांगेत अजून अकरा जण उभे होते.